एक पैशाचा बोनस : ग्नूकॅशमध्ये शुल्क आणि खरेदीमूल्य बसवताना केलेल्या नोंदी

शनिवार, २१ जून २०२५

दोन्ही पालख्या कालपासून शहरात मुक्कामाला आहेत, पेठांतले रस्ते बंद आहेत, त्यामुळे बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. वर्षभर पुढे ढकललेले गुंतवणुकीच्या हिशेबाचे काम म्हणून आजच हाती घेतले. माझी दोन डीमॅट खाती आहेत, एक जुन्या दलालाकडचे आणि एक कमी दलालीच्या ऑनलाइन दलालाकडचे. म्युच्युअल फंडांचे हप्ते वेगळे चालतात. हे सगळे आजवर एका स्प्रेडशीटमध्ये होते. यंदा आयकर विवरणपत्राच्या तयारीसाठी वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडले तेव्हा दोन विक्रींपुढे खरेदीमूल्य शून्य दिसले. स्प्रेडशीटमध्ये त्याच शेअरांचे मूल्य वेगळे होते आणि दलालाच्या ॲपमध्ये तिसरेच. तिन्हींपैकी बरोबर कोणते हे मला सांगता येईना, म्हणून सगळे व्यवहार दुहेरी नोंद पद्धतीच्या ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने घालायचे ठरवले. विवरणपत्राची मुदत यंदा १५ सप्टेंबरपर्यंत वाढली आहे, तेवढी सवड पुरावी.

पहिली चूक पहिल्याच तासात झाली. ऑनलाइन दलालाच्या संकेतस्थळावरून व्यवहारांची सीएसव्ही फाइल उतरवली आणि १३८ व्यवहार एका दमात आयात केले. शेअरांची संख्या तंतोतंत जुळली म्हणून आनंद झाला, पण दलालाकडच्या लेजरची, म्हणजे माझ्या पैशांच्या खात्याची, शिल्लक कित्येक हजारांनी चुकत होती. त्या फाइलमध्ये फक्त तारीख, संख्या आणि भाव असतो. दलाली, जीएसटी, मुद्रांक शुल्क, एसटीटी (शेअरांच्या व्यवहारावरचा कर) यांपैकी एकही आकडा नसतो. सगळे पुसून बॅकअपवर परत आले. गेलेला वेळ : साडेतीन तास.

रविवार, २२ जून

शुल्काचे आकडे कॉन्ट्रॅक्ट नोटमध्येच, म्हणजे दलाल त्या दिवसाच्या सौद्यांचा जो हिशेब पाठवतो त्यातच, मिळतात, याला पर्याय नाही. प्रत्येक पीडीएफ पॅन क्रमांक घालून उघडावी लागते. ऑनलाइन दलालाच्या सर्व नोट ईमेलमध्ये सापडल्या. जुन्या दलालाच्या २०१९ पूर्वीच्या नोट सापडल्या नाहीत, त्यांच्यासाठी लेखी विनंती पाठवली आहे.

एक गोष्ट आधी लक्षात यायला हवी होती. नोटमध्ये दलाली प्रत्येक सौद्यापुढे दिलेली असते, पण एक्स्चेंजचे शुल्क, सेबीची फी, मुद्रांक शुल्क आणि जीएसटी हे त्या दिवसाच्या सर्व सौद्यांचे मिळून तळाशी एकत्र असतात. एका दिवशी दोन कंपन्यांचे शेअर घेतले असतील, तर तळाचे आकडे उलाढालीच्या प्रमाणात वाटून घ्यावे लागतात. मी सुरुवातीला ते अर्धे-अर्धे वाटले होते. पाच हजारांच्या खरेदीवर पन्नास हजारांच्या खरेदीइतकाच जीएसटी पडलेला पाहून ते दुरुस्त केले.

शनिवार, २८ जून

हा आठवडा एसटीटीने खाल्ला. मार्च २०२२ मधील बजाज फायनान्सच्या खरेदीचे उदाहरण देते, कारण पुढेही तेच लागणार आहे. जुन्या दलालाकडून १० शेअर ७,००० रुपयांना घेतले, म्हणजे ७०,००० रुपये. त्यावर अर्धा टक्का दलाली ३५० रुपये, एक्स्चेंजचे शुल्क व सेबीची फी मिळून अडीच रुपये, या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी ६३.४५, मुद्रांक शुल्क ११ रुपये आणि ०.१ टक्का दराने एसटीटी ७० रुपये. एकूण दिले ७०,४९६.९५ रुपये.

ग्नूकॅशमध्ये हा एकच व्यवहार केला : शेअरच्या खात्यात ७०,०००, खर्चाच्या वेगवेगळ्या खात्यांत पाच ओळी आणि दुसऱ्या बाजूला दलालाचे लेजर. मग 'ॲडव्हान्स्ड पोर्टफोलिओ' हा अहवाल काढला. त्यात दलालीचे काय करायचे असा एक पर्याय असतो : ती खरेदीमूल्यात धरायची, नफ्यातून वजा करायची की अहवालातून वगळायची. मी पहिला पर्याय निवडला आणि खरेदीमूल्य आले ७०,४९६.९५. दिसायला बरोबर, प्रत्यक्षात चूक. आयकर कायद्याच्या कलम ४८ नुसार भांडवली नफा काढताना एसटीटीची वजावट मिळत नाही, त्यामुळे करासाठी खरेदीमूल्य ७०,४२६.९५ इतकेच आहे. अहवालाला मात्र दलाली आणि एसटीटी यांतला फरक कळत नाही. शेअरच्या व्यवहारात खर्च प्रकारच्या खात्यावर जी ओळ असेल ती सगळी तो दलालीच समजतो.

खात्याचे नाव बदलून पाहिले, एसटीटीचे खाते वेगळ्या मुख्य खात्याखाली हलवून पाहिले. काहीही फरक पडला नाही, कारण अहवाल खात्याचा प्रकार पाहतो, नाव नाही. शेवटी एसटीटी मूळ व्यवहारातून काढला आणि त्याच तारखेचा दुसरा स्वतंत्र व्यवहार केला : दलालाच्या लेजरमधून 'खर्च : एसटीटी' खात्यात ७० रुपये, शेअरच्या खात्याशी संबंध नाही. लेजर जुळले आणि खरेदीमूल्यही बरोबर आले.

हे १३८ व्यवहारांसाठी हाताने करावे लागले आणि त्यात पाच संध्याकाळी गेल्या. सगळा एसटीटी मिळून १,९४२ रुपये निघाला. एवढ्या रकमेसाठी इतका खटाटोप कशाला, असे मलाही तिसऱ्या संध्याकाळी वाटले होते. पण आकडा लहान आहे म्हणून चूक तशीच ठेवली, तर पुढे मोठा फरक दिसेल तेव्हा त्यातला किती भाग या चुकीचा आणि किती दुसऱ्या कशाचा, हे वेगळे करता येत नाही.

शनिवार, ५ जुलै

एकाच कंपनीचे शेअर दोन डीमॅट खात्यांत असतील, तर ते ग्नूकॅशमध्ये एका खात्यात ठेवू नयेत. मी ठेवले होते. डीमॅटमधील शेअर विकताना 'आधी आलेला आधी गेला' हा क्रम लावायचा असतो आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २४ जून १९९८ च्या परिपत्रक क्रमांक ७६८ नुसार तो प्रत्येक डीमॅट खात्याला स्वतंत्रपणे लागतो. म्हणजे ऑनलाइन दलालाकडचे शेअर विकले, तर जुन्या दलालाकडचे त्याहून आधी घेतलेले शेअर रांगेत पुढे येत नाहीत. सर्व शेअरांची खाती दोन डीमॅटांखाली विभागली. गेलेला वेळ : दोन तास. अहवालात खरेदीमूल्याची पद्धत 'फिफो' (हाच क्रम) निवडायला विसरू नये. सरासरीची पद्धत निवडली तर सगळे आकडे विश्वासार्ह दिसतात आणि करासाठी निरुपयोगी असतात.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. म्युच्युअल फंडांचे काम लवकर उरकले. १ जुलै २०२० पासून युनिट खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. पाच हजारांच्या हप्त्यातून पंचवीस पैसे कापून ४,९९९.७५ रुपयांची युनिटे मिळतात. ते पंचवीस पैसे खरेदीमूल्यातच धरायचे, म्हणून वेगळी ओळ न करता युनिटांपुढे पूर्ण ५,००० लिहिले. युनिटे तीन दशांश स्थळांपर्यंत असतात. मी सिक्युरिटी तयार करताना अपूर्णांक १/१०० ठेवला होता, त्यामुळे दरमहा शेवटचा अंक गळत गेला. तो १/१००० करून सर्व हप्ते पुन्हा तपासले. फंडाच्या खर्चाचे प्रमाण रोजच्या एनएव्हीतूनच, म्हणजे युनिटच्या भावातूनच, वजा झालेले असते, त्याची कसलीही नोंद करायची नाही. एनएव्ही 'फायनान्स कोट' या भाव आणणाऱ्या जोडसाधनामार्फत ॲम्फी या फंडांच्या संघटनेच्या फाइलमधून थेट येते, ते व्यवस्थित चालले.

रविवार, १३ जुलै

या सगळ्या खटाटोपातला सर्वांत अवघड भाग आज समोर आला. बजाज फायनान्सने १६ जून २०२५ या नोंद दिनांकाला एकाच वेळी दोन गोष्टी केल्या : दोन रुपये दर्शनी मूल्याच्या प्रत्येक शेअरचे एक रुपयाचे दोन शेअर केले आणि त्यानंतर प्रत्येक शेअरमागे चार बोनस शेअर दिले. माझ्या १० शेअरांचे १०० झाले.

बाबांशी फोनवर बोलले तेव्हा ते म्हणाले, "अगं, दहाचे शंभर झाले, मग भाव सातशेच की." दलालाच्या ॲपमध्येही सरासरी भाव सातशेच दाखवतात. गुंतवणूक म्हणून पाहिले तर दोघांचेही बरोबर आहे. आयकराच्या हिशेबाला मात्र विभाजन आणि बोनस या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. विभाजनात जुने खरेदीमूल्य नव्या शेअरांवर वाटले जाते आणि जुनी खरेदी तारीखही कायम राहते. बोनस शेअराचे खरेदीमूल्य मात्र कलम ५५ नुसार शून्य असते आणि त्याचा धारणकाळ वाटपाच्या तारखेपासून सुरू होतो. म्हणून माझ्याकडे ७०० रुपयांचे १०० शेअर नाहीत. माझ्याकडे ३,५२१.३५ रुपयांचे २० शेअर आहेत, ज्यांची तारीख मार्च २०२२ आहे, आणि शून्य रुपयांचे ८० शेअर आहेत, ज्यांची तारीख जून २०२५ आहे.

हे ग्नूकॅशला कसे सांगायचे यात पूर्ण दुपार गेली. प्रथम 'ॲक्शन्स' मेनूतील 'स्टॉक स्प्लिट' वापरून एकदम ९० शेअर वाढवले. अहवालाने संपूर्ण ७०,४२६.९५ रुपये १०० शेअरांवर समान वाटले. चूक. मग विभाजन वेगळे नोंदवले, १० शेअरांची वाढ, आणि बोनसचे ८० शेअर शून्य रकमेचा व्यवहार म्हणून घातले. निकाल तोच. ज्या व्यवहारात शेअर वाढतात पण रक्कम शून्य असते, त्याला अहवाल विभाजनच समजतो आणि आधीच्या सर्व खरेदींवर वाटून टाकतो. बोनस म्हणून वेगळी जात त्याला माहीत नाही.

तेव्हा शून्याऐवजी एक पैसा लिहिला. 'इक्विटी : बोनस शेअर' असे एक खाते काढले आणि त्यातून ८० शेअर एकूण ०.०१ रुपयाला 'घेतले'. रक्कम शून्य नसल्यामुळे अहवालाने ती स्वतंत्र खरेदी मानली आणि रांगेत मूळ वीस शेअरांच्या मागे लावली, जे हवे होते तेच. या व्यवहाराची तारीख मी डीमॅटच्या उताऱ्यावर दिसणारी घातली, विभाजनाच्या नंतरची. दोन्ही एकाच तारखेला टाकून पाहिले होते, तेव्हा विभाजन बोनसच्या शेअरांवरही लागू होईल की काय हे क्रमावर अवलंबून राहिले. तारखा वेगळ्या असल्या की ती भीती उरत नाही.

सोमवार, १४ जुलै

सकाळी कामावर निघण्यापूर्वी सहज शिल्लक पाहिली, तर बजाज फायनान्सची सगळी गुंतवणूक सव्वा पैशावर आलेली. कालच्या व्यवहारातून ग्नूकॅशने भाव आपणहून काढला, ०.०००१२५ रुपये प्रति शेअर, आणि तो भावांच्या यादीत नोंदवूनही टाकला. मी रविवारी ताजे भाव आणलेले नसल्यामुळे तोच सर्वांत अलीकडचा भाव ठरला. 'टूल्स' मेनूतील 'प्राइस डेटाबेस' उघडून ती ओळ पुसली आणि मग भाव मागवले. बोनसचा व्यवहार पुन्हा संपादित केला की ही ओळ परत तयार होते, हे दोनदा अनुभवून कळले.

रविवार, २७ जुलै

जुन्या दलालाकडून २०१९ पूर्वीच्या नोट आल्या. पाच आठवडे आणि चार स्मरणपत्रे लागली.

रिलायन्स आणि जिओ फायनान्शियलचे विलगीकरण (नोंद दिनांक २० जुलै २०२३) बसवले. कंपनीने खरेदीमूल्याची विभागणी ९५.३२ टक्के आणि ४.६८ टक्के अशी कळवली होती. माझ्या ४०,००० रुपयांच्या रिलायन्समधून १,८७२ रुपये जिओकडे वळवले : रिलायन्सच्या खात्यात शेअर शून्य आणि रक्कम वजा, जिओच्या खात्यात शेअर आणि तीच रक्कम अधिक. हे अहवालाला नीट कळले. फक्त एक उणीव राहते : जिओच्या शेअरांचा धारणकाळ रिलायन्सच्या मूळ खरेदीपासून मोजायचा असतो आणि ग्नूकॅश तो २० जुलै २०२३ पासून धरते. आता दोन वर्षे उलटल्यामुळे त्याने काही बिघडत नाही, म्हणून खात्याच्या टिपणात मूळ तारीख लिहून पुढे गेले. ३१ जानेवारी २०१८ पूर्वीच्या खरेदींचे, करासाठीचे खरेदीमूल्य ठरवायला लागणारे, त्या दिवसाचे कमाल भावही तसेच टिपणात ठेवले आहेत. ते गणित सॉफ्टवेअरला करता येत नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

घराच्या गळतीच्या कामासाठी पैसे लागले, म्हणून काल ८८० रुपयांनी बजाज फायनान्सचे ३० शेअर विकले. २६,४०० रुपयांवर दलाली १३२, एक्स्चेंज व सेबीचे ०.८१, जीएसटी २३.९१ आणि एसटीटी २६ रुपये. विक्रीवर मुद्रांक शुल्क नसते. आज लेजरमध्ये आणखी १७.७० रुपये नावे पडलेले दिसले. हा डीपीचा (डीमॅट खाते सांभाळणाऱ्या संस्थेचा) आकार आहे, पंधरा रुपये आणि त्यावरचा जीएसटी, आणि तो कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये कधीच येत नाही. तो संख्येवर नसून एका दिवशी एका कंपनीच्या विक्रीवर एकदा लागतो. गेल्या वर्षी चांगला भाव मिळावा म्हणून एकाच कंपनीचे पाच-पाच शेअर सलग चार दिवस विकले होते; त्या शहाणपणाचे ७०.८० रुपये झाले होते, हे आज नोंदी घालताना कळले. डीपीचा आकार विक्रीच्याच व्यवहारात घातला, म्हणजे तो हस्तांतरणाच्या खर्चात येतो. तारखेत एक दिवसाचा फरक पडतो, तो चालवून घेतला.

आता हिशेब. एसटीटी सोडून विक्रीचा खर्च १७४.४२ रुपये. विकलेल्या तीसपैकी पहिले वीस मूळचे : १७,६०० मधून ११६.२८ खर्च आणि ७०,४२६.९५ खरेदीमूल्य वजा जाता ५२,९४३.२३ रुपयांचा दीर्घमुदतीचा तोटा. उरलेले दहा बोनसचे : ८,८०० मधून ५८.१४ वजा जाता ८,७४१.८६ रुपयांचा अल्पमुदतीचा नफा. सातशेच्या सरासरीने चालले असते, तर सुमारे पाच हजारांचा दीर्घमुदतीचा नफा दिसला असता, तो सव्वा लाखाच्या सवलतीत बसून गेला असता, आणि मी कर शून्य समजून स्वस्थ बसले असते.

ग्नूकॅशचा अहवाल मात्र या दोन्हींची बेरीज एकाच आकड्यात दाखवतो. अल्प आणि दीर्घ मुदत तो वेगळी करत नाही. त्यासाठी स्प्रेडशीट ठेवावीच लागणार.

रविवार, १७ ऑगस्ट

काल टिळक रस्त्यावर एका सी. ए. बाईंकडे जाऊन तासभर बसले. फी १,५०० रुपये, या कामातला एकमेव रोख खर्च. तीन गोष्टी पक्क्या झाल्या. दीर्घमुदतीचा तोटा अल्पमुदतीच्या नफ्यातून वजा करता येत नाही, त्यामुळे ८,७४१.८६ रुपयांवर २० टक्के कर आणि उपकर मिळून सुमारे १,८१८ रुपये भरावे लागतील. तोटा मात्र पुढील आठ वर्षे दीर्घमुदतीच्या नफ्याविरुद्ध ओढता येतो, या वर्षाचे विवरणपत्र पुढच्या वर्षी मुदतीत भरले तर. नोंद दिनांकाच्या आधीच्या तीन महिन्यांत शेअर घेतले असते आणि बोनस हाताशी ठेवून मूळचे शेअर नऊ महिन्यांच्या आत विकले असते, तर हा तोटा धरलाच गेला नसता. माझी खरेदी २०२२ ची असल्यामुळे ती अडचण नाही.

बाईंनी माझ्या खात्यांची यादी पाहून एक चूक दाखवली. डीमॅटची वार्षिक देखभाल फी, दर तिमाहीला ८८.५० रुपये, मी वर्षाअखेरीस सर्व शेअरांवर वाटून खरेदीमूल्यात मिळवत होते. खाते चालू ठेवण्याचा हा खर्च आहे, कोणत्याही एका शेअरच्या खरेदीचा किंवा विक्रीचा नाही, त्यामुळे तो भांडवली नफ्यात येत नाही. मी मात्र 'सगळे खर्च धरायचे' या उत्साहात ते केले होते. दोन्ही खात्यांच्या सर्व वर्षांच्या त्या नोंदी काढून 'खर्च : डीमॅट देखभाल' या खात्यात नेल्या. चार तास.

रविवार, २४ ऑगस्ट

जुळवणी. शेअरांची संख्या दोन्ही डीमॅटच्या उताऱ्यांशी जुळली, फंडांची युनिटे एकत्रित उताऱ्याशी तिसऱ्या दशांशापर्यंत जुळली. ऑनलाइन दलालाचे लेजर बरोबर आहे. जुन्या दलालाचे ५ ऑगस्टला १७.७० ने चुकते आणि ६ ऑगस्टला आपोआप जुळते, तो डीपीचा आकार. आजवरचे एकूण तास मोजले तर एकेचाळीस भरतात. त्यातले निम्मे तरी चुका निस्तरण्यात गेले.

स्प्रेडशीटमधील एकूण खरेदीमूल्य आणि अहवालातील खरेदीमूल्य यांत अजून एका पैशाचा फरक आहे. तो कुठून आला हे ठाऊक आहे, म्हणून शोधत बसले नाही.